अकरा नंबरची टकटक

अंबत्तूर, २ फेब्रुवारी २०२५

दर्शनदादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. मामांच्या मिरजेच्या पत्त्यावर पाठवते. ऊर्मी म्हणाली, पत्र आलं तर ती थेट तुझ्या हातात देईल, स्वतः फोडणार नाही. मराठीत लिहिते, कारण कारखान्यात कोणाच्या हाती लागलं तरी वाचता येणार नाही. आई पाटी घेऊन बसवायची तेव्हा तू म्हणायचास, "शाळेत तमिळ, घरी हे, मग क्रिकेट कधी खेळू?" त्या पाटीचा आज पहिल्यांदा उपयोग होतो आहे.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण सांगत नाही. तुझी गिटार कोपऱ्यात आहे तशीच ठेवली आहे. आईने स्वयंपाकघरात मिक्सर लावला की गिटारच्या तारा आपोआप गुणगुणतात. आधी कधी लक्षात आलं नव्हतं. मिक्सर बंद झाल्यावरही क्षणभर चालू राहतात. आई तेवढा वेळ हात थांबवून उभी असते.

मी तुझा ट्रेमोलोचा डबा करायला घेतला आहे. दिवाळीत तू म्हणाला होतास की दुकानातला नको, तू करून दे, घरात एक इंजिनिअर कशाला पोसली आहे. सर्किट सोपं आहे. एक छोटी एलईडी आणि तिच्यासमोर एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा एक वाटाण्याएवढा तुकडा. दोन्ही काळ्या नळीत तोंडाला तोंड लावून बंद करायचे. एलईडी आत मंद होते, उजळते. एलडीआरवर उजेड पडला की तो आवाजाला वाट देतो, अंधार झाला की अडवतो. बाहेर सूर एकच, पण तो आत-बाहेर श्वास घेतल्यासारखा येतो. एका बटणाने वेग, दुसऱ्याने थरथरीची खोली.

मी असा विचार केला की तुझी तीन बोटं एकामागून एक तारेवर पडून तो थरथरता सूर यायचा. आता अंगठ्याने एकदाच तार छेडायची. बाकीचं थरथरणं डबा करेल.

चौकशीचं सांगते. प्रेस शॉपच्या विजयकुमार सरांनी अहवालाचा मसुदा मला दाखवला. त्यात लिहिलं आहे, "प्रेस क्रमांक ११ चे ऑपरेटर दर्शन खराडे यांनी लाइट कर्टनच्या रिलेवर स्वतः तार जोडून सुरक्षा बंद केली. तसे त्यांनी कबूल केले आहे." सव्वीस तारखेला शेवटची बैठक आणि सह्या. मग तो सरकारी तपासनीसांकडे जाईल. एकदा गेला की इरुंगाट्टुकोट्टैपासून श्रीपेरुंबुदूरपर्यंत एकही प्रेस शॉप तुला दारात उभं करणार नाही. नऊ वर्षं तू पत्र्याची प्रेस चालवलीस आणि कागदावर राहील ते एवढंच, की यानेच आपली बोटं घालवली.

तू असं का म्हणालास? ती तार तू जोडली नव्हतीस. हे मला ठाऊक आहे.

लता


अंबत्तूर, ९ फेब्रुवारी

दर्शनदादा,

ऊर्मीचा फोन आला होता. म्हणाली, "तायडे, पत्र दोनदा वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. आता तोच शर्ट दोन दिवस घालतोय, आत्या असती तर रागावली असती." मी विचारलं, काही बोलला का? ती म्हणाली, "डब्याबद्दल बोलला. म्हणाला, तिला वाटतं माझ्याकडे थरथर कमी पडते आहे."

ते वाचताना तुला कसं वाटलं असेल हे मला तेव्हा कळलं. मी ते वाक्य लिहिताना खुशीत होते, दादा. तीन दिवस मला त्या कल्पनेचा अभिमान वाटत होता.

तरी डबा सोडला नाही. सोमवारीच रम्याला घेऊन रिची स्ट्रीटला गेले होते. ती आमच्या टेस्टिंगमधली, माझ्याच टेबलावर बसते. दुकानदार म्हणाला, "एलडीआर कोण घेतं आता? रस्त्यावरच्या दिव्यांनाही लावत नाहीत." एका डब्यातून चार काढून दिले. घरी येऊन सगळं जोडलं. तुझ्या गिटारची वायर आत, बाहेरची तुझ्या छोट्या अॅम्पला. मला वाजवता येत नाही, म्हणून नुसती जाड तार छेडली.

चाललं. सूर आला आणि हलायला लागला.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "दर्शन आला का गं?" मी अॅम्पचा आवाज कमी केला. तिने पुन्हा विचारलं नाही.

मग सूर विरला आणि खाली काहीतरी राहिलं. टक. टक. टक. कोणी तार छेडत नसतानाही. हे या सर्किटांचं नेहमीचं दुखणं आहे. एलईडी चालू-बंद होताना बॅटरीवर बारीक झटका बसतो आणि तो आवाजाच्या वाटेत शिरतो. मी वेगाचं बटण उलटं फिरवत नेलं. अगदी शेवटाला टकटक मिनिटाला चाळीसवर आली. तुला सांगायला नको की अकरा नंबर मिनिटाला किती मारते.

मी बॅटरी काढली.

उपाय मला माहीत आहे. एलईडीची आणि आवाजाची, दोघांच्या निगेटिव्ह तारा वेगळ्या न्यायच्या, बॅटरीपाशी एकाच ठिकाणी जोडायच्या, आणि मध्ये एक मोठा कपॅसिटर टाकायचा. बुधवारी केलं. आता डबा गप्प आहे. रम्याला कानाला लावायला दिला, ती म्हणाली, काही नाही, स्वच्छ आहे. मला तो आवाज येतो. बसमध्ये येतो, भात शिजताना येतो.

आणखी एक गोष्ट. उजेड गेला तरी एलडीआरला अंधार पटायला वेळ लागतो. स्वस्तातले तर फार रेंगाळतात. एलईडी विझलेली असते आणि हा अजून उजेड आहे असंच धरून बसलेला असतो. म्हणून वेग फार वाढवला तर थरथर पुसटच होते.

चौकशीच्या दिवशी मी खोलीत होते हे तुला ठाऊक आहे. क्वालिटीची साक्षीदार म्हणून मला बसवलं होतं. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत ती तार आणली आणि तुझ्यासमोर ठेवली. तू डाव्या हाताने पिशवी उचललीस, उलटी केलीस, बराच वेळ पाहिलीस. मग म्हणालास, "नान दान पोट्टेन." मीच घातली.

माझ्याकडे तू पाहिलंही नाहीस. मी वहीत लिहीत होते. काय लिहिलं ते नंतर पाहिलं तर नुसत्या रेघा होत्या.

लता


अंबत्तूर, १३ फेब्रुवारी

दादा,

गेल्या पत्रात तुला सांगायचं होतं ते मी सर्किटच्या गोष्टीत गुंडाळून ठेवलं. आज दुसरं काही लिहिणार नाही.

सोळा डिसेंबर. दुपारचे साडेचार. तुम्ही चहाला गेला होतात. अकरा नंबर सकाळपासून बरी होती आणि चारनंतर अडायला लागली होती. हात आत नसतानाही लाइट कर्टन थांबवत होतं. दोन पिवळे खांब, मध्ये न दिसणारे किरण, किरण तुटला की प्रेस थांबते, एवढंच सगळ्यांना माहीत. मला त्याहून जास्त दिसलं. पश्चिमेचं शटर उघडं होतं. डिसेंबरात सूर्य तिरपा उतरतो, आणि ऊन थेट डाव्या खांबाच्या काचेवर येत होतं. तो आंधळा होत होता. दोन दिवस विजयकुमार सर तुला सगळ्यांसमोर ऐकवत होते, "खराडे, तुझी बहीण इंजिनिअर आणि तू इथे खुशाल झोपा काढतोस." मला ते लागलं होतं. मेंटेनन्सचा माणूस उद्या येतो म्हणाला.

शटर ओढून घेता आलं असतं. एक पुठ्ठा लावता आला असता. हे मला दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेल्यावर सुचलं, दादा. त्या वेळी मला वाटलं की माझ्याकडे ज्ञान आहे, ते वापरावं. मी पॅनेल उघडलं आणि रिलेच्या दोन टर्मिनलमध्ये तार टाकली. एका संध्याकाळपुरती. सकाळी आल्या आल्या काढायची, असं ठरवलं होतं.

तू चहा पिऊन आलास, पेडल दाबलंस, प्रेस सुरळीत चालली. तू हसून म्हणालास, "काय गं, मंत्र टाकलास?" मी म्हणाले, "डिग्री आहे माझ्याकडे."

सतरा तारखेला सकाळी बाहेरचे पाहुणे येणार होते. मला आठ वाजता कागद लावायला बोलावलं. रोजचा सुरक्षा तपासणीचा तक्ता टेबलावर होता. अकरा नंबरसमोर मी टेबलावरूनच बरोबरची खूण केली आणि सही केली. माझ्या डोक्यात अकरा नंबर म्हणजे काल नीट केलेली प्रेस, एवढंच होतं. तार मी विसरले होते. अगदी विसरले होते, त्यात दुसरं काही नाही.

तो तक्ता प्रेसला लटकवतात. तुम्ही काम सुरू करायच्या आधी सही पाहता. तू पाहिली असशील. सही माझी होती.

दहा वाजून पाच मिनिटांनी प्रेस शॉपचा आवाज थांबला. सगळ्या प्रेस एकदम बंद झाल्या तर कान दुखतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

मी धावले, पण तुझ्याकडे नाही. आधी पॅनेलपाशी गेले. तिथे माणसं उभी होती म्हणून मागे फिरले. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे.

विद्युल्लता


अंबत्तूर, २१ फेब्रुवारी

दर्शनदादा,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन खालीच हाक मारून गेला, मी जिन्यातच वाचलं. अक्षर पाहून आधी वाटलं, कुणा लहान मुलाचं चुकून आलं. मग कळलं की तू डाव्या हाताने लिहिलं आहेस.

"लते, मला ठाऊक होतं. पिशवी पाहायच्या आधीच ठाऊक होतं. तिकडे काही बोलू नकोस. आईचं घर तुझ्यावर चालतं. माझं जे जायचं ते गेलं, तुझं कशाला घालवतेस. डबा पाठवू नकोस. द."

सात ओळींत बसवायला तुला किती वेळ लागला असेल याचा मी विचार करते. आणि मी रोज टेबलावर उजव्या हाताने सह्या करते.

तू सांगितलंस म्हणून मी दोन दिवस गप्प राहून पाहिलं. खरंच प्रयत्न केला. वाटलं, तूच म्हणतो आहेस, तर यात तुझीही इच्छा आहे. कॉलेजात आम्ही पथनाट्य केलं होतं, कामाच्या ठिकाणची सुरक्षा हा विषय होता. मी हातात कर्णा घेऊन ओरडत होते. आता आठवलं की तोंड गरम होतं.

काल संध्याकाळी आईला सांगितलं. ती शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. सगळं सांगितलं, शटर, ऊन, तक्ता. ती सोलत राहिली. मग म्हणाली, "तार म्हणजे केवढी?"

मी हाताने दाखवली.

"एवढीशी," ती म्हणाली.

सोललेल्या शेंगा ताटलीत टाकत म्हणाली, "त्याने तुला झाकलंय ना? मग राहू दे झाकलेलं. एक मूल मिरजेला जाऊन बसलंय, दुसरं कारखान्याच्या दारात उभं करू? मी काय पाहत बसू?"

"आई, कागदावर त्याचं नाव आहे. त्याने काही केलं नाही."

"मला कागद कळत नाहीत. तुम्हाला कळतात म्हणून शिकवलं. तो बारावीनंतर प्रेसवर गेला तेव्हा काय म्हणाला ते तुला माहीत नाही. म्हणाला, बाबा गेले तरी घरात एक जण पदवीचा झाला पाहिजे, तो मी कशाला, लता हुशार आहे. आता ती पदवी घेऊन तू हे करणार?"

मी म्हणाले, "त्यासाठीच करते आहे."

"ते तुझ्यासाठी," आई म्हणाली. "त्याला विचारलंस?"

विचारलं नाही. तुझं कार्ड हेच उत्तर आहे, आणि मी ते मोडणार आहे. हे पत्र तुला पोहोचेल तोपर्यंत सव्वीस तारीख उलटून गेलेली असेल. मुद्दाम स्पीड पोस्टने पाठवत नाही. तू ऊर्मीच्या फोनवरून मला थांबवलंस तर मी थांबेन, अशी मला भीती आहे.

लता


अंबत्तूर, २७ फेब्रुवारी

दर्शनदादा,

काल काय झालं ते क्रमाने लिहिते.

खोलीत पाच जण होते. विजयकुमार सर, एचआरच्या सुष्मिता मॅडम, मेंटेनन्सचे दोघे, आणि कामगारांच्या बाजूने अप्पाजी, तेच तंजावरचे मराठी, जे तुला "का गा" म्हणून हाक मारायचे. अहवाल टेबलावर होता. माझी सही साक्षीदार म्हणून लागणार होती. मी सही केली नाही. माझं लेखी निवेदन पुढे ठेवलं. इंग्रजीत लिहिलं होतं, तमिळमध्ये वाचून दाखवलं. आवाज माझा नव्हता, पण शेवटपर्यंत पोहोचला.

मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. तसं काही झालं नाही. कोणी विश्वासच ठेवला नाही.

विजयकुमार सर हळू आवाजात म्हणाले, "अम्मा, मलाही बहीण आहे. समजतं मला. पण भावासाठी स्वतःवर घेऊ नकोस."

सुष्मिता मॅडम म्हणाल्या, "त्याने कबूल केलंय. तू दोन महिन्यांनी येऊन सांगतेस. आम्ही काय समजायचं?"

खरं बोलायला मी इतकी घाबरले होते, आणि ते खोटं ठरेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. तारीख, वेळ, शटर. मेंटेनन्सवाला खिडकीतून पाहून म्हणाला, "ऊन कुठे येतं? मी काल चारला तिथेच होतो." बरोबरच आहे. फेब्रुवारीत सूर्य सरकला. आता ते ऊन त्या खांबावर पडत नाही, डिसेंबरापर्यंत पडणार नाही.

तेव्हा अप्पाजी बोलले. "तिने घातली म्हणते ना? मग घालून दाखवू दे. दुसरी तार."

रम्याने आमच्या टेबलावरून सोल्डरिंग आयर्न आणि वायरचं रीळ आणलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी तुकडा कापला, दोन्ही टोकं सोलली, पीळ दिला, आणि न विचार करता टोकांना सोल्डर चढवलं. मी नेहमी चढवते. कॉलेजात सर सांगायचे, मोकळे धागे ठेवू नका, एक सुटला तर शॉर्ट होईल. घरी तुझा अॅम्प उघडला होता तेव्हाही तू पाहत बसला होतास आणि म्हणाला होतास, "तारेला चांदीची टोपी घालतेस." मेंटेनन्सवाल्याने माझा तुकडा उचलला. पिशवीतली तार काढून शेजारी ठेवली; दोन्हींच्या टोकांना तीच चांदीची टोपी होती. मग म्हणाला, "आमच्यात स्क्रूखाली सोल्डर लावलेली तार कोणी घालत नाही. काही दिवसांत सैल पडते. पहिल्या महिन्यात हेल्परलाही हे शिकवतात."

मला ते कोणी शिकवलं नव्हतं. दादा, नऊ वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसाला ते माहीत असणार, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला एकदम कळलं. तू तशी तार घातलीच नसतीस. तू पिशवी उलटी करून काय पाहिलंस, ते मलाही तेव्हा कळलं.

नंतर सगळे अकरा नंबरकडे गेले. मेन स्विच बंद केला होता, तरी विजयकुमार सरांनी तो दोनदा तपासला. मी पॅनेल उघडलं आणि तार त्याच दोन टर्मिनलमध्ये बसवली. एका फटक्यात बसली. हात जरा चुकला असता तर मला बरं वाटलं असतं. अप्पाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा केला आणि मध्येच मागे घेतला.

मला चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नको असं सांगितलं आहे. पुढे काय ते ठाऊक नाही. संध्याकाळी घरी आले तर आईने दार उघडलं, माझ्या हातातला जेवणाचा डबा घेतला, उघडून पाहिला. भात तसाच होता. "जेवली नाहीस," म्हणाली, आणि तोच भात गरम करायला घेऊन गेली. त्यावर अजून बोललेली नाही. कदाचित बोलणारही नाही. तिचा राग मला मान्य आहे. तुझाही मान्य आहे.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते लिहिलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तू मला बरं वाटेल असंच देशील. टकटक अजून येते. ती थांबावी म्हणून मी हे केलं नाही, हे मला काल रात्री अंथरुणावर कळलं, कारण ती थांबली नाही आणि तरीही मला पश्चात्ताप झाला नाही.

आता एकच काम तुझ्याकडे आहे, आणि ते मी करू शकत नाही. तुझी कबुली कागदावर असेपर्यंत माझं निवेदन त्यांना लावता येत नाही. त्यांनी एक पत्र तयार केलं आहे. आधीचं विधान मी मागे घेतो, तार मी जोडली नाही, एवढंच त्यात आहे. रजिस्टर पोस्टाने मिरजेला येईल, सोमवार-मंगळवारपर्यंत. तू ते फाडून टाकू शकतोस. तसं केलंस तर सगळं पहिल्यासारखं राहील, तुझ्या नावावर, आणि मी काही करू शकणार नाही.

त्या पत्राच्या खाली तुझ्या सहीची जागा आहे. डाव्या हाताची सही चालते. मी विचारून घेतलं आहे.

लता